जिंकत आलेला डाव

बुद्धिबळात हरलेला डाव नावाची गोष्टच नसते. तक्त्यावर एकाच्या नावापुढं एक आणि दुसऱ्याच्या नावापुढं शून्य लिहिलेलं असतं, हे खरं. पण त्या शून्यवाल्याला हॉलबाहेर गाठून विचारा. ‘‘अहो, जिंकतच आलो होतो!’’ हे त्याचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य ‘‘फक्त तो घोडा...’’ असं सुरू होतं आणि ते पूर्ण व्हायच्या आत तुमची बस गेलेली असते. ‘‘समोरचा चांगला खेळला’’ असं मोठ्या मनानं म्हणणारे बुद्धिबळपटूही मी पाहिले आहेत, नाही असं नाही. पण ते जिंकलेले होते.

यात दोष माणसांचा नाही, खेळाचा आहे. बाकीच्या खेळांनी हरणाऱ्याची काही ना काही सोय करून ठेवलेली असते. क्रिकेटमध्ये नाणेफेक असते, खेळपट्टी असते, रात्री पडणारं दव असतं आणि सगळं संपलं तर पंच असतात. रमीत पानंच येत नाहीत. कॅरममध्ये पावडर जास्त होते, स्ट्रायकर हलका निघतो. धर्मराजानं अख्खं राज्य घालवलं, तेव्हाही फासे शकुनीचे होते असं म्हणायला जागा होती. बुद्धिबळात मात्र सोळा मोहरे तुमच्याकडं, सोळा त्याच्याकडं, चौसष्ट घरं दोघांच्या डोळ्यांसमोर उघडी. पान लपवलेलं नाही, वारा नाही, सोबतीला झेल सोडणारा गडी नाही. पांढऱ्याला पहिली चाल मिळते एवढाच काय तो भेद, आणि काळी घेऊन हरलेला माणूस तेवढ्या भेदावर तासभर बोलू शकतो. शिवाय हरलो म्हणजे नेमकं काय कमी पडलं, हे सगळ्या जगाला ठाऊक. गुडघा दुखावला म्हणायची सोय नाही. जे काही दुखावलंय ते मानेच्या वर.

एवढी कोंडी झाली की माणसाची प्रतिभा जागी होते. आमच्या गावच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी बुद्धिबळाचे चार पट मांडलेले असतात. तिथं बसून मी ही प्रतिभा पाहत आलो आहे. मी खेळत नाही. मी बघ्या आहे. त्यामुळे माझं कोणी ऐकत नाही आणि माझ्यादेखत सगळे मोकळेपणानं बोलतात. तिथं निवृत्त पोस्टमास्तर आहेत, दिवाणी वकील आहेत, किराणा दुकानाचे शेठ आहेत, नववीतला एक मुलगा आहे आणि ऐंशी कधीच ओलांडलेले अण्णा आहेत.

यातले वकीलसाहेब हे या शास्त्रातले अधिकारी पुरुष. त्यांचा एक डाव नमुन्यादाखल देतो.

‘‘वकीलसाहेब, वजीर गेला तुमचा.’’

‘‘गेला नाही. दिला.’’

‘‘मग मोबदल्यात काय मिळालं?’’

‘‘ते पुढं दिसेल.’’

पुढं सहाव्या चालीला मात झाली. वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, ‘‘घाई केलीत हो मास्तर. जरा थांबला असतात, तर दिसलं असतं.’’

मास्तरांनी खरोखरच दिलगिरी व्यक्त केली.

शेठ वेगळ्या पंथाचे. ते कारण डाव सुरू व्हायच्या आधीच देऊन ठेवतात. पट मांडता मांडता ‘‘आज डोकं जरा जडच आहे’’ असं सहज बोलल्यासारखं बोलतात. जिंकले तर जड डोक्यानं जिंकले, हरले तर सांगून हरले. गेल्या काही वर्षांत शेठ निरोगी अवस्थेत एकही डाव हरलेले नाहीत.

अण्णांची तर गोष्टच निराळी. ते देशी बुद्धिबळात वाढले. त्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढं जायचं, आजचा किल्लेकोट नव्हता आणि राजाला शह लागला नसेल तर एकदा घोड्याची चाल खेळायची मुभा होती. प्यादेमात केली तर गावभर नाव व्हायचं. अण्णा रीतसर आधुनिक नियमांनी खेळायला बसतात. किल्लेकोट करतात, प्यादी दोन-दोन घरं पुढं ढकलतात. मात्र राजा कोपऱ्यात सापडला की त्यांना बालपण आठवतं आणि राजा अडीच घरं उडी मारून पसार होतो. ‘‘अण्णा, हे चालत नाही आता!’’ असं कोणी म्हणालं की ते शांतपणे उत्तर देतात, ‘‘तुमच्यात नसेल चालत.’’ सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं करून दोन-तीन पिढ्यांना हा खेळ लावला, त्या सांगलीत आपण तरुणपणी खेळलो आहोत, असा अण्णांचा दाखला असतो. तो खराही असेल. पण राजाच्या उडीशी त्याचा संबंध काय, हे विचारण्याची आमच्यात कोणाची छाती नाही.

हे सगळं आपल्या गावच्या हौशी मंडळींपुरतंच असेल, मोठमोठे खेळाडू असं करत नसतील, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. मोठे खेळाडू हेच करतात, फक्त ते लेखी करतात.

1972 साली आइसलँडमध्ये रेक्याविकला बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की यांची जगज्जेतेपदाची लढत झाली. फिशर पहिला डाव हरला, दुसऱ्याला आलाच नाही. कारण काय, तर हॉलमधल्या कॅमेऱ्यांचा आवाज येतो. तिसरा डाव मागच्या एका बंद खोलीत, प्रेक्षकांशिवाय खेळवावा लागला. तिथून फिशरची गाडी जी सुटली ती थांबेना. मग कारणं शोधायची पाळी दुसऱ्या बाजूची. स्पास्कीच्या गोटानं शंका काढली की खुर्च्यांत किंवा दिव्यांत काहीतरी यंत्र किंवा रसायन लपवलं असावं आणि त्यानं आमच्या माणसाचं चित्त विचलित होतंय. आइसलँडच्या अधिकाऱ्यांनी बिचाऱ्यांनी खुर्च्यांचे एक्स-रे काढले. दिवे उतरवले. दिव्याच्या आवरणात दोन मेलेल्या माश्या सापडल्या. फिशर 12.5 विरुद्ध 8.5 असा जिंकला. त्या दोन माश्यांचं मरणोत्तर काय झालं, याची नोंद माझ्या वाचनात नाही.

सहा वर्षांनी, 1978 साली, फिलिपिन्समधल्या बागिओला कार्पोव आणि कोर्चनॉय समोरासमोर आले, तेव्हा तर हा प्रकार कलेच्या पातळीवर गेला. कोर्चनॉय सोव्हिएत संघ सोडून पळालेला, कार्पोव सोव्हिएत संघाचा लाडका. दुसऱ्या डावात कार्पोवला कोणीतरी जांभळट रंगाच्या दह्याचा पेला आणून दिला. झालं! कोर्चनॉयच्या गोटाकडून लेखी हरकत दाखल झाली: दही अमुक वेळी आलं किंवा अमुक चवीचं आलं, तर त्याचा अर्थ बरोबरी घे, अमुक चाल टाळ, असा काहीही असू शकतो! आता यावर पंचांनी काय करावं? त्यांनी हसून सोडून द्यावं, असं आपल्याला वाटेल. त्यांनी तसं केलं नाही. बैठक घेतली आणि ठरवलं की दही ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वेटरनं, ठरलेल्या रंगाचंच आणावं. बदल हवा असेल तर आधी कळवावं. घरात दही विरजताना एवढे नियम आमच्या आजीचेही नव्हते, आणि आजी सोवळ्यातली होती.

पुढं कार्पोवकडून झुखार नावाचे एक मानसशास्त्रज्ञ प्रेक्षकांत बसून कोर्चनॉयकडं टक लावून पाहू लागले. ते नजरेनं बुद्धी बांधतात, अशी तक्रार झाली. कोर्चनॉयनं आरशासारख्या काचांचा चष्मा आणला आणि नजर परतवून लावली. मग त्याच्या बाजूनं भगवी वस्त्रं ल्यालेले आनंदमार्गी ध्यान लावायला हजर झाले. म्हणजे रशियन माणसाला हरवायला दुसऱ्या रशियन माणसाला शेवटी आपल्याकडचं अध्यात्मच लागलं. गंमत अशी, की मधल्या काळात बुद्धिबळही चाललं होतं आणि ते फार चांगलं होतं. आधी सहा डाव जिंकेल तो जगज्जेता, अशी अट. 5-2 असा मागं पडलेला कोर्चनॉय 5-5 पर्यंत आला आणि बत्तिसावा डाव हरला. जगातल्या कुठल्याही दोन माणसांना तो पराक्रम आयुष्यभर पुरला असता. लोकांच्या लक्षात राहिलं ते दही.

2006 साली रशियातल्या एलिस्टाला क्रामनिक आणि टोपालोव यांच्यात स्वच्छतागृहावरून वाजलं. क्रामनिक डाव चालू असताना फार वेळा तिकडं जातो, अशी टोपालोवच्या व्यवस्थापकाची तक्रार. कॅमेरा नसलेली ती एकच जागा. मग खासगी स्वच्छतागृहांना कुलूप लागलं. क्रामनिकनं ते उघडेपर्यंत खेळणार नाही म्हणून सांगितलं आणि पाचवा डाव न खेळताच गमावला. शेवटी लढत तोच जिंकला. आमच्या वाचनालयात स्वच्छतागृह एकच आहे आणि त्याला आतून कडी नाही, त्यामुळे हा मुद्दा अजून आमच्याकडं उपस्थित झालेला नाही.

आणि हे काही आधुनिक काळाचं बिघडलेपण नव्हे. रुय लोपेझ नावाच्या स्पॅनिश पाद्रीनं 1561 साली बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला. एका ओपनिंगला आजही त्याचं नाव आहे. त्या ग्रंथात देवाच्या या माणसानं सल्ला दिलाय की पट असा मांडावा, म्हणजे ऊन समोरच्याच्या डोळ्यांवर येईल. आमच्या पोस्टमास्तरांनी हा ग्रंथ वाचलेला नाही. पण आमची खिडकी पश्चिमेला आहे आणि पाठ खिडकीकडं येईल अशी खुर्ची मिळावी म्हणून ते पावणेपाचलाच येऊन बसतात.

हरण्याला कारण लागतं तसं जिंकण्यालाही लागतं, पण ते दुसरे लोक पुरवतात. मिखाईल ताल हा जगज्जेता अफाट बलिदानांसाठी प्रसिद्ध. त्यानं स्वतःच सांगितलेली एक गोष्ट आहे. एका डावात घोडा द्यावा की नाही, याचा तो विचार करत होता. चाली मोजता मोजता फांद्यांना फांद्या फुटल्या, डोक्यात गोंधळ उडाला आणि अचानक एका बालगीतातला, दलदलीत रुतलेला पाणघोडा मनात आला. याला बाहेर कसा काढावा? जॅक लावून? हेलिकॉप्टरला दोरी बांधून? बराच वेळ ताल पाणघोड्याच्या मागं होता. शेवटी ‘बुडू दे मेला’ म्हणून त्यानं तो नाद सोडला, पटाकडं पाहिलं, सरळ अंदाजानं घोडा दिला आणि डाव जिंकला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं की तालनं चाळीस मिनिटं अतिशय काटेकोर गणित करून बलिदान दिलं. तेव्हापासून शेजारच्या पटावर कोणी हनुवटीला हात लावून खूप वेळ बसलं की मी मनातल्या मनात विचारतो, कुठपर्यंत आला पाणघोडा?

आता आमच्या जमातीबद्दल. म्हणजे बघे. बघ्यानं बोलायचं नाही, असा नियम आहे आणि आम्ही तो पाळतो. आम्ही शब्द उच्चारत नाही. आम्ही ‘च्’ करतो. चाल खेळून हात मागं गेला की अर्ध्या सेकंदात बाजूनं एक ‘च्’ येतो आणि त्यात सगळं असतं: उंट मोकळा पडल्याची बातमी, खेळणाऱ्याच्या बुद्धीविषयीचा अभिप्राय आणि आपल्याला ते आधीच दिसलं होतं ही नम्र जाणीव. पराभवाचा सर्वांत स्वस्त वाली म्हणजे हा ‘च्’. ‘‘तुम्ही च् केलंत म्हणून मी बिथरलो,’’ असं मला तोंडावर सांगितलं गेलं आहे. एकेकाळचा जगज्जेता पेत्रोस्यान कानाला यंत्र लावायचा आणि आवाज नको झाला की ते बंद करून टाकायचा, असं सांगतात. बोत्विनिक त्याहून पुढचा. तो सरावाच्या डावांत रेडिओ लावून ठेवायचा आणि समोरच्या मित्राला तोंडावर सिगारेटचा धूर सोडायला सांगायचा, म्हणजे स्पर्धेत त्रास होऊ नये. कारणं संपवण्याचा असा शिस्तशीर प्रयत्न दुसऱ्या कोणी केल्याचं ऐकिवात नाही. वकीलसाहेबांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, ‘‘म्हणजे धुराची सवय झाल्यावर स्वच्छ हवेत त्याला त्रास होत असणार.’’

हात लावला की ती सोंगटी खेळायचीच, हा या खेळातला दुसरा कळीचा नियम. आमच्याकडं त्याची अंमलबजावणी समोरचा कोण आहे, यावर ठरते. मास्तर उंटाला हात लावतात, दचकतात आणि ‘‘नीट ठेवतोय फक्त’’ म्हणून त्याला घराच्या मध्यभागी अशा काही मायेनं सरकवतात की बोलायची सोय राहत नाही. हसू नका. 1994 साली स्पेनमध्ये लिनारेसला खुद्द कास्पारोवनं घोडा एका घरात ठेवला, बोटं क्षणभर सुटली आणि लगेच तो घोडा दुसऱ्या घरात गेला. समोर सतरा वर्षांची जुडिट पोल्गर होती. तिनं हरकत घेतली नाही. कॅमेऱ्यानं घेतली.

मुलगी समोर आली की पुरुषांच्या कारणांना विशेष बहर येतो, हे आपल्याकडंही घडून गेलंय. खाडिलकर भगिनी, म्हणजे वसंती, जयश्री आणि रोहिणी, यांनी देशातलं महिला बुद्धिबळ आपल्या घरचं कार्य असल्यागत चालवलं होतं. 1976 साली रोहिणी खाडिलकर राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांच्या गटात खेळायला उतरल्या, तेव्हा एवढा गदारोळ झाला की प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. अखेर जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. शेठ आजारपण आधी जाहीर करतात, इथं सबब थेट कोर्टापर्यंत पोचली. पटावर बसायच्या आधीच हरायचं कारण नोंदवून ठेवण्याचा एवढा मोठा सामुदायिक प्रयत्न आपल्या इतिहासात दुसरा नसावा. आणि ठिपसे दांपत्य घ्या: प्रवीण ठिपसे ग्रँडमास्टर, भाग्यश्री ठिपसे पाच वेळच्या राष्ट्रीय विजेत्या. त्या घरात ‘तुला यातलं काय कळतंय’ हे वाक्य दोघांपैकी कोणालाच वापरता येत नसणार. मराठी संसारातलं एक हुकमी हत्यार त्यांनी कायमचं घालवलं.

बाकीच्या घरांत मात्र ते चालतं. किंवा चालायचं. पोस्टमास्तरांना 1980 च्या दशकातले स्वतःचे डाव चालीबरहुकूम पाठ आहेत आणि घरी जाताना कोथिंबीर आणायची हे दोन चौक ओलांडेपर्यंत लक्षात राहत नाही. या रोगावर संशोधन झालेलं आहे. डच मानसशास्त्रज्ञ डी ग्रूट आणि त्यांच्यानंतर 1973 साली अमेरिकेत चेस आणि सायमन या दोघांनी खेळाडूंना काही सेकंदच पट दाखवला आणि मग तो आठवून मांडायला सांगितला. खऱ्या डावातली स्थिती असेल, तर पट्टीचे खेळाडू जवळजवळ सगळे मोहरे जागच्या जागी ठेवायचे. तेच मोहरे कसेही विखरून ठेवले की ते नवशिक्यांच्या पातळीवर यायचे. म्हणजे स्मरणशक्ती दांडगी नसतेच. मांडणीत अर्थ असला, तरच ती चालते. मी हे मोठ्या उत्साहानं मास्तरांच्या घरी काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

‘‘म्हणजे मी सामान सांगते त्यात यांना अर्थ दिसत नाही, असंच ना?’’

‘‘तसं नव्हे, काकू...’’

‘‘राहू दे. उद्यापासून मांडणी करून सांगते. दही ई-चार. कोथिंबीर डी-चार. मिरच्या मागं, घोड्याच्या घरात.’’

मास्तर दुसऱ्या दिवशी दही आणि मिरच्या घेऊन आले. कोथिंबीर कुठंय विचारल्यावर म्हणाले, ‘‘मारली गेली.’’

काकू तरी सोशिक म्हणायच्या. मार्सेल द्युशाँ हा एवढा गाजलेला फ्रेंच कलावंत, पण बुद्धिबळापायी त्यानं चित्रकला जवळजवळ सोडून दिली होती. 1927 च्या जूनमध्ये त्यानं लग्न केलं आणि मधुचंद्रातही रात्र रात्र बुद्धिबळाची कोडी सोडवत बसला. त्याचा मित्र मॅन रे यानं सांगून ठेवलंय की एका रात्री नव्या नवरीनं उठून सगळे मोहरे पटाला सरसानं चिकटवून टाकले. जानेवारी सरला तोवर घटस्फोट झालेला होता. द्युशाँचं त्यावर म्हणणं काय होतं, ते मला माहीत नाही. पण चिकटवली गेली ती स्थिती त्याच्या मते जिंकत आलेलीच असणार.

मानसशास्त्राचा विषय निघालाच आहे तर अर्नेस्ट जोन्स यांचंही सांगून टाकतो. हे फ्रॉइडचे चेले. 1931 साली त्यांनी पॉल मॉर्फी या अमेरिकन खेळाडूवर निबंध लिहिला आणि त्यात मांडलं की बुद्धिबळ खेळणाऱ्याच्या मनात खोल कुठंतरी बापाला मारायची इच्छा असते, राजा म्हणजे बाप. मला हे वाचलं तेव्हा ओढूनताणून आणलेलं वाटलं. पण मराठी घरांत काय दिसतं? वडील मुलाला पट मांडून देतात, घोडा शिकवतात, ‘शह दिसत नाही का रे गाढवा’ असं प्रेमानं म्हणतात. हा क्रम चार-पाच वर्षं चालतो. मग एका रविवारी मुलगा मात करतो. वडील म्हणतात, ‘‘शाब्बास, मीच दिला हा डाव तुला.’’ पुढच्या रविवारी ते कुंड्यांना खत घालत असतात. त्यानंतर त्या घरात वडिलांना बुद्धिबळासाठी वेळ मिळत नाही तो नाहीच.

बाहेरच्या स्पर्धांत तर आता सगळी भीती पोरांचीच आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी होती आणि त्या विजयानंच दिव्या थेट ग्रँडमास्टर झाली. नाशिकचा विदित गुजराथी 2024 च्या ऑलिम्पियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. त्याच वेळी महिलांचा संघही सुवर्ण घेऊन आला, त्याचा कर्णधार पुण्याचा अभिजित कुंटे. याचा परिणाम म्हणून गावोगावचे क्लास भरले आणि त्या क्लासांतली पोरं स्पर्धांत शिरली. पोस्टमास्तर मोठ्या उमेदीनं तालुक्याच्या खुल्या स्पर्धेला गेले. पहिल्याच फेरीला समोर एक दुसरीतली चिमुरडी. पाय जमिनीला टेकत नव्हते. एका हातानं चाल करायची, दुसऱ्या हातात चिक्की. मास्तर वीस मिनिटं विचार करत, ती तेवढ्या वेळात छताचे पंखे मोजी. मग ती चाल करून घड्याळावर असा हात मारी की मास्तर दचकत. चोविसाव्या चालीला तिनं विचारलं, ‘‘आजोबा, सोडताय का? मला शू लागली आहे.’’

परत आल्यावर मास्तर दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी कारण तयार झालं: ‘‘त्या पोरीला रेटिंगच नाही हो. रेटिंग नसलेल्या माणसाशी खेळायचं म्हणजे अंधारात कुस्ती.’’

हे रेटिंग म्हणजे आणखी एक प्रकरण. अर्पाड एलो नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी ही पद्धत काढली आणि 1970 साली जागतिक महासंघानं ती स्वीकारली. कोण किती पाण्यात आहे, याचा थेट आकडा. वय विसरलेले, लग्नाची तारीख विसरलेले लोक हा आकडा शेवटच्या अंकापर्यंत सांगतात, आणि त्याच्या आधी ‘एकेकाळी’ असा शब्द असतो. मार्च 2024 मध्ये महासंघानं खालच्या रेटिंगची घसरण सुधारायला 2000 च्या खालच्या सगळ्यांना एकदम वाढ दिली. 2000 ला जेवढे कमी, त्याच्या चाळीस टक्के वर. म्हणजे 1500 चा माणूस झोपला तो उठला 1700 चा. थोडक्यात, महागाई भत्ता. पण एवढ्या साऱ्या खेळाडूंत कोणी ‘सरकारी वाढ मिळाली’ म्हणाला असेल, तर शपथ. नववीतल्या मुलाच्या काकांनी तर पेढे वाटले आणि अलीकडं आपण एंडगेमवर घेतलेली मेहनत कशी कामाला आली, ते सांगितलं.

या सगळ्या वैभवाला नख लावलं ते नववीतल्या त्या मुलानंच. त्याच्या मोबाईलमध्ये इंजिन आहे. डाव संपला, चाली भरल्या की प्रत्येक चालीपुढं खूण येते. चांगलीला हिरवी, घोडचूक असेल तर लाल, दोन प्रश्नचिन्हांसह. वर एक पट्टी असते, ती कोण किती वरचढ होता ते क्षणाक्षणाला दाखवते. पूर्वी ‘जिंकतच आलो होतो’ याला साक्षीपुरावा लागत नसे. हरलेला माणूस मात होताच दोन्ही हातांनी सोंगट्या एकत्र करून टाकी, आणि मग आठवणीतून हवी ती स्थिती मांडून दाखवी. आता तो पोरगा शांतपणे म्हणतो, ‘‘काका, तुम्ही बाराव्या चालीपासूनच हरत होता.’’

वकीलसाहेबांनी आधी या साक्षीदाराचीच उलटतपासणी घेतली. इंजिनाला माणसाच्या मनावरचा दबाव कळतो का? नाही. त्याला घड्याळाची भीती वाटते का? नाही. समोर मास्तर बसलेत आणि ते सारखा घसा खाकरतात, हे त्याला माहीत आहे का? नाही. मग याचं मत ग्राह्य कसं धरायचं? मुद्दा बिनतोड होता, पण पट्टी हलली नाही.

परवा मास्तर आणि वकीलसाहेब यांच्यात रंगलेला डाव बरोबरीत सुटला. दोघेही मनोमन आपणच जिंकत होतो म्हणून खूश होते. पोरानं चाली भरल्या आणि म्हणाला, ‘‘एकतिसाव्या चालीला काकांना एका चालीत मात होती. खेळले नाहीत. मग बत्तिसाव्याला आजोबांना एका चालीत मात होती. तेही नाही खेळले. असं चार वेळा झालंय.’’

वर शांतता पसरली. मी ‘च्’ देखील केलं नाही.

मग वकीलसाहेब मास्तरांकडं वळले. ‘‘तुमच्या राजाला मात बसतेय, हे तुमच्या चेहऱ्यावर दिसलंच नाही. मला कळणार कसं?’’

‘‘आणि तुम्ही एवढ्या आत्मविश्वासानं चुकीची चाल खेळलात की मला वाटलं, यात काहीतरी आहे.’’

दोघांनी एकमेकांच्या म्हणण्यात तथ्य असल्याचं मान्य केलं. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी स्वतःच्या लेटरहेडवर अर्ज केला. मास्तरांनी अनुमोदन दिलं. शेठनी आणि अण्णांनी सह्या केल्या. ग्रंथपालांनी जिन्यात पाटी लावली: ‘वरच्या मजल्यावर मोबाईल नेण्यास सक्त मनाई आहे. शांतता राखा.’ खालच्या वाचनकक्षात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं भलतीच प्रभावित झाली. ज्येष्ठांनी एवढ्या स्वयंशिस्तीनं घेतलेला निर्णय म्हणून त्यांच्यातल्या एकानं पाटीचा फोटोही काढून सगळीकडं पाठवला. पोरगं आता चाली वहीत उतरवून घेतं आणि घरी जाऊन तपासतं. निकाल विचारायला शेठ त्याला दुकानात एकट्याला बोलावतात, गोळ्या देतात आणि फक्त वकीलसाहेबांच्या चुका सांगायला सांगतात.